अमली पदार्थविरोधी बैठकीत संदेशाच्या वेळाही तपासा

मा. संपादक,
स. न.

जिल्हास्तरीय अमली पदार्थविरोधी समन्वय समितीच्या बैठकांच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. धुळे असो, जळगाव असो की नंदुरबार, बातमीचा साचा ठरलेला असतो. इतके गुन्हे दाखल, इतके आरोपी अटकेत, इतक्या किमतीचा मुद्देमाल जप्त, शाळा-महाविद्यालयांत जनजागृती, औद्योगिक वसाहतींतल्या बंद कारखान्यांची पाहणी करण्याचे निर्देश, आणि शेवटी सीसीटीव्ही, वाहने किंवा ड्रोन यांचा प्रस्ताव. या यादीत एक रकाना कधीच दिसत नाही: खबर किती वाजता मिळाली, नाक्यावरच्या माणसाच्या कानावर किती वाजता पडली आणि मधला वेळ कुठे गेला. बिनतारी संदेश, नियंत्रण कक्ष आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या खटल्यांची कागदपत्रे ज्यांच्या हाताखालून गेली अशा आम्हा काही निवृत्त मंडळींचे म्हणणे एवढेच आहे, की शासनाला या यंत्रणेवर खरी देखरेख ठेवायची असेल तर तो रकाना आधी उघडावा लागेल.

देखरेखीची चौकट कागदावर चांगली आहे. एनकॉर्ड नावाने ओळखली जाणारी समन्वय यंत्रणा केंद्राने २०१६ मध्ये सुरू केली आणि २०१९ मध्ये तिचे चार स्तर केले. सर्वांत खालचा स्तर जिल्ह्याचा, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस, राज्य उत्पादन शुल्क, वन, आरोग्य, शिक्षण अशी खाती एका टेबलाभोवती बसतात. अटक झालेल्यांची माहिती एकत्र ठेवणारे ‘निदान’ पोर्टल २०२२ मध्ये आले, १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइन जुलै २०२४ मध्ये. राज्यात अमली पदार्थविरोधी टास्क फोर्सही उभा राहिला. थोडक्यात, बसायला जागा आहे आणि नोंदवायला पोर्टल आहे. पण बैठकीसमोर येते ते सगळे घडून गेलेले असते. न पकडलेली गाडी कोणत्याच तक्त्यात येत नाही.

खान्देशात वेळ इतकी महत्त्वाची का, हे नकाशा पाहिला की कळते. धुळ्यात सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात, शिवाय एक फाटा चाळीसगावकडून कन्नड घाटात जातो. पळासनेरला राज्यात शिरलेला ट्रक तासा-दीड तासात धुळ्याच्या बायपासवर येतो, आणि तिथून त्याला चार दिशा मोकळ्या. उत्तरेला बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूर. पश्चिमेला गुजरातचे तापी आणि नर्मदा जिल्हे. नवापूर, अक्कलकुवा, खेतिया, पळासनेर, सत्रासेन, चोरवड ही झाली डांबरी तोंडे. सातपुड्यातल्या पायवाटा आणि मोटारसायकलच्या वाटा वेगळ्याच. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून आपले परिवहन तपासणी नाके बंद केले, त्यामुळे पलीकडच्या बाजूला गाडीची ठरलेली नोंद होण्याची एक जागा कमी झाली. नियंत्रण कक्षात संदेश वीस मिनिटे पडून राहिला, की शिरपूरला लावायची नाकाबंदी सोनगीरला लावावी लागते. चाळीस मिनिटे गेली, की ती कुठेही लावून उपयोग नसतो.

आता एका खबरीचा प्रवास पाहू. पाड्यावरचा माणूस, पोलीस पाटील किंवा वनरक्षक काहीतरी पाहतो. त्याने ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावला तर राज्याचे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरे नागपुरात. तिथला कॉल घेणारा गाव, तालुका, खूण विचारतो. सांगणारा पावरी किंवा अहिराणी वळणाचे मराठी बोलतो आणि खूण सांगतो ती नाल्याची किंवा पाड्याची. एकाच नावाचे पाडे दोन तालुक्यांत असतात. त्यात सीमेवरच्या गावांत मोबाइल बऱ्याचदा पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. मग कॉल थेट मध्य प्रदेशाच्या केंद्रात, भोपाळला. तिथून परत धुळ्याला येईपर्यंत काय होते ते सांगायला नको. स्थान दाखवणारी खूणही टॉवरच्या अंदाजाने येते आणि डोंगराळ भागात तो अंदाज काही किलोमीटरने चुकतो. उपाय खर्चिक नाही. सीमेवरच्या प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या पाड्यांची, प्रचलित नावांसह, अक्षांश-रेखांश दिलेली यादी करून ११२ च्या केंद्रात आणि शेजारच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात द्यायची, आणि दर सहा महिन्यांनी ती तपासायची. समितीने या यादीची तारीख विचारावी.

१९३३ ची गोष्ट निराळी. ही हेल्पलाइन राष्ट्रीय पातळीवरची. एखाद्या वस्तीत नेहमीच विक्री होते, अमुक मेडिकलमधून गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, अशा माहितीला ती योग्य. धावत्या गाडीची खबर तिथे दिली तर ती वरून खाली झिरपेपर्यंत गाडी सुरतेला पोहोचते. जनजागृतीच्या फलकांवर मात्र दोन्ही क्रमांक एकाच आकारात छापतात आणि कोणता कशाला, हे लिहीत नाहीत.

खबर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आली, पुढे काय? इथे बिनतारी संदेशाचा आणि व्हॉट्सॲपचा झगडा सुरू होतो. जुन्या ॲनालॉग व्हीएचएफ चॅनेलवर बोललेले कुणीही साधा संच घेऊन ऐकू शकतो. म्हणून अधिकारी महत्त्वाची खबर वायरलेसवर देत नाहीत, स्वतःच्या मोबाइलवरून ग्रुपवर टाकतात. त्यांची भीती रास्त आहे, पण परिणाम वाईट. ग्रुपवरच्या निरोपाला अनुक्रमांक नसतो, कुणी तो कधी वाचला याची सरकारी दप्तरात नोंद नसते, बदली झालेला माणूस ग्रुपमध्ये राहतो आणि नवा आलेला आठ दिवस बाहेर. मोलगी-धडगावच्या दरीत किंवा बोराडीच्या वर नेटवर्क नसले की तो निरोप फोनवर तसाच थांबतो, आणि पाठवणारा मात्र समजतो की कळवले. गोपनीयता हवी तर एन्क्रिप्शन असलेले डिजिटल संच हेच उत्तर. ते सगळीकडे येईपर्यंत निदान एवढे करता येते: वायरलेसवर फक्त सांकेतिक क्रमांक आणि ‘फोनवर या’ एवढाच निरोप, तपशील फोनवर, आणि दोन्हीच्या वेळा एकाच लॉगबुकात.

संदेशात काय असावे हेही ठरलेले नसते. ‘पांढरी गाडी, माल आहे, लक्ष ठेवा’ यावर नाक्यावरचा हवालदार काय करणार? गाडीचा प्रकार, रंग, क्रमांक किंवा क्रमांकातले जेवढे वाचता आले तेवढे अंक, शेवटची दिसल्याची जागा आणि वेळ, दिशा, पाहणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि करायचे काय: थांबवायचे, नुसते नोंदवायचे, की जाऊ द्यायचे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त गाळला जातो. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५०-अ खाली माल मुद्दाम पुढे जाऊ देऊन त्यामागच्या माणसांपर्यंत पोहोचता येते. अशी गाडी एखाद्या उत्साही नाक्याने अडवली तर कित्येक आठवड्यांचे काम पाण्यात. उलटही होते: दोन यंत्रणा एकाच गाडीच्या मागे असतात आणि एकमेकींनाच संशयित समजून बसतात. कोणत्या गाडीवर कोणाचे काम चालू आहे याची, नावे न उघड करता, टक्कर टाळण्यापुरती नोंद एका ठिकाणी असली पाहिजे, आणि ते ठिकाण चोवीस तास जागे असले पाहिजे. ते कोणते, हे जिल्हा समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.

यंत्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बैठकीत ‘रिपीटर कार्यान्वित’ एवढ्यावर भागते. व्हीएचएफ लहर साधारण सरळ रेषेत जाते. मनोऱ्यावरची अँटेना ३० मीटर उंच आणि गाडीवरची २ मीटर असेल, तर सपाट जमिनीवर संपर्काची मर्यादा २८ किलोमीटरच्या आसपास येते. शहाद्यापासून रावेरपर्यंत तापीच्या पट्ट्यात हा हिशेब चालतो. सातपुड्याच्या पहिल्या धारेमागे मात्र ३ किलोमीटरवरही आवाज मरतो. म्हणून उंचावर रिपीटर लागतो: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचे, दुसरीवर तेच पुन्हा सोडायचे. तो डोंगरावर असतो, तिथे वीज बेभरवशाची, म्हणून बॅटरी आणि सोलर.

खरी गोम याच बॅटरीत आहे. २५ वॅटचा रिपीटर बोलता-बोलता ७ अँपिअरच्या आसपास घेतो, नुसता ऐकत बसला तर पाऊण. दिवसाच्या पाचव्या हिश्श्याइतके बोलणे धरले तर चोवीस तासांना ५० अँपिअर-अवर लागतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे दोन ढगाळ दिवस काढायचे असतील तर १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी हवी. उन्हाळ्याच्या हिशेबाने पावणेदोनशे वॅटचे पॅनल पुरते, श्रावणात सव्वाचारशेही कमी पडते. खरेदीच्या वेळी हिशेब नेहमी उन्हाळ्याचा केला जातो. तीन-चार वर्षांनी बॅटरी निम्मी होते आणि मग एक विचित्र प्रकार घडतो. रिपीटर दिवसभर ठणठणीत असतो. रात्री दोन-तीननंतर कुणी बोलायला गेले की भार पडताच व्होल्टेज १०.८ च्या खाली घसरते, कट-ऑफ पडतो आणि रिपीटर झोपतो. सकाळी ऊन आले की आपोआप उठतो. तक्रार येते तेव्हा तंत्रज्ञ अकरा वाजता तपासतो आणि ‘यंत्रणा सुरळीत’ असा शेरा मारतो. शेरा खोटा नसतो, तपासायची वेळ चुकीची असते. रिपीटरची चाचणी सूर्योदयापूर्वी, पहाटे पाचच्या सुमारास, भार देऊन व्हायला हवी आणि त्या क्षणाचे व्होल्टेज लिहायला हवे.

दुसरा दोष पाण्याचा. अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरवरची टेप उन्हाने तडकते, पहिल्याच पावसात ओल शिरते. मीटरवर परावर्तनाचे गुणोत्तर ३ दिसले की पाठवलेल्या शक्तीचा पाव हिस्सा परत फिरला असे समजावे. २ असेल तर नववा हिस्सा. संच नवा, बॅटरी नवी, आणि आवाज तुटकच, असे दिसले की आधी कनेक्टर उघडावा, हे कुणीही जुना ऑपरेटर सांगेल. मृगाच्या आधी टेप बदलणे हे शंभर-दोनशे रुपयांचे काम. ते कुणाच्या नावावर आहे, हे विचारले की उत्तर मिळायला वेळ लागतो. नवे यंत्र घ्यायला जिल्हा नियोजनातून निधी मिळतो. टेप, बॅटरी, सिमकार्डचे रिचार्ज यांचा खर्च कुठल्या शीर्षात टाकायचा, यावर फाइल फिरत राहते.

नाक्यावरच्या कॅमेऱ्यांचेही तेच. क्रमांक वाचणारा कॅमेरा गाडीला फार तिरका लावला, किंवा समोरच्या दिव्यांच्या झोतात आला, तर रात्री पाटीच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. पावसाळ्यात चिखल असतोच. पण सर्वांत खोल चूक घड्याळाची आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीतली स्टेशन डायरीची वेळ, वायरलेस लॉगबुकात हाताने लिहिलेली वेळ आणि मोबाइल कंपनीच्या कॉल तपशिलातली वेळ, अशी चार घड्याळे एका गुन्ह्यात एकत्र येतात. त्यांत सात-आठ मिनिटांचा फरक असणे नेहमीचे. कारवाईच्या रात्री तो कुणाला जाणवत नाही. दोन वर्षांनी न्यायालयात मात्र गाडी नाक्यावर येण्याच्या आधीच तिची झडती झालेली दिसते.

यंत्रणेचा दोष आणि खटल्याचा निकाल यांची गाठ पडते ती इथेच. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ नुसार मिळालेली खबर लिहून काढायची आणि ७२ तासांत निकटच्या वरिष्ठाकडे पाठवायची. अटक आणि जप्तीचा अहवाल कलम ५७ नुसार ४८ तासांत. सूर्यास्त ते सूर्योदयात वॉरंटशिवाय वाहनाची झडती घ्यायची तर तशी गरज का वाटली याची कारणे आधी नोंदवायची. मोबाइल आणि वायरलेसच्या काळात हे सारे कसे पाळायचे, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा या खटल्यात २९ जुलै २००९ रोजी स्पष्टता दिली: गस्तीवर असताना खबर आली आणि तातडी असली तर आधी कारवाई, नंतर लेखी नोंद चालेल, उशिराचे समाधानकारक कारण हवे; नोंदच नाही हे मात्र चालणार नाही. पुढे बूटा सिंग विरुद्ध हरियाणा या २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सार्वजनिक रस्त्यावर उभी असली तरी खासगी गाडी ही सार्वजनिक जागा नव्हे. तिथे कलम ४३ ची, म्हणजे सार्वजनिक जागेतल्या झडतीची, सवलत मिळत नाही, कलम ४२ पाळावेच लागते. आपल्याकडच्या महामार्गावरच्या बहुतेक कारवाया खासगी गाड्यांवरच होतात. म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला आणि कुठेच न लिहिलेला निरोप म्हणजे बचाव पक्षाच्या हातात आयते दिलेले हत्यार. २० किलोंच्या वर गांजा किंवा ५० ग्रॅमच्या वर एमडी (मेफेड्रोन) असले की कायद्याच्या दृष्टीने ते व्यापारी प्रमाण, जामीनही सहज मिळत नाही. एवढा गंभीर खटला एका न लिहिलेल्या ओळीपायी जावा, हे करदात्याच्या दृष्टीनेही महाग आहे.

खबर देणाऱ्याचे नाव उघड होईल म्हणून नोंद टाळतो, असे सांगितले जाते. त्याची गरज नाही. बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे कलम ६८ म्हणते. लिहायचे ते काय कळले आणि कधी कळले. कुणी सांगितले ते कोरे सोडावे.

आणखी एक अडचण अधिकाराची. कलम ४२ खालची झडती कॉन्स्टेबलला घेता येत नाही, अंगझडती असली तर कलम ५० चा हक्क आरोपीला समजावून सांगावा लागतो, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी मागितला तर तो आणावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे १ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरणही आवश्यक झाले आहे. त्यामुळे रात्री दोनला संदेश फक्त नाक्याला देऊन भागत नाही. त्याच वेळी अधिकारप्राप्त अधिकारी, दोन पंच, राजपत्रित अधिकारी, प्रमाणित वजनकाटा, लाख-सील, चार्ज केलेला मोबाइल हे सगळे हलवावे लागते. पंच मिळेपर्यंत गाडी दीड तास उभी, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. रात्रपाळीच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर, कोणत्या नाक्यासाठी कुणाला फोन करायचा याची महिन्याच्या महिन्याला बदललेली एक पानाची यादी असली तर अर्धा तास वाचतो.

रेल्वेचे कोडे वेगळे. ओडिशाकडून गुजरातेत जाणाऱ्या गाड्या भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार असा मार्ग धरतात. भुसावळ मध्य रेल्वेत, जळगावपासून सुरतेकडची बाजू पश्चिम रेल्वेत, फलाटावर लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल दोघेही, स्थानकाबाहेर जिल्हा पोलीस. २०१९ पासून रेल्वे सुरक्षा दलालाही या कायद्याखाली झडती, जप्ती, अटकेचे अधिकार आहेत. भुसावळ–जळगाव अंतर २४ किलोमीटर, म्हणजे भुसावळला चुकलेला निरोप जळगावला देण्यासाठी अर्धा तासही नसतो. तिथेही हुकला तर पुढे नंदुरबारपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर आहेत, आणि ती संधी पुरेशी मोठी आहे. पण डब्याचा क्रमांक, बर्थ आणि बॅगेचे वर्णन न देता ‘गाडीत गांजा आहे’ एवढाच संदेश आला, तर वीस-बावीस डबे पाच मिनिटांच्या थांब्यात कोण तपासणार?

वनखात्याकडेही वायरलेस आहे हे समितीतल्या अनेकांच्या लक्षात नसते. शिरपूर-चोपड्याकडच्या जंगलपट्टीत कापूस, तूर, मक्याच्या आड गांजाची झाडे लावल्याच्या कारवाया झाल्या आहेत. अशी लागवड पहिल्यांदा दिसते ती वनरक्षकाला, गुराख्याला किंवा तलाठ्याला. कलम ४७ नुसार शासनाच्या प्रत्येक अधिकाऱ्यावर, सरपंच-पंचांवर, गावकामगारांवर अशा लागवडीची तात्काळ खबर देण्याची जबाबदारी आहे. वनरक्षकाचा संच पोलिसांच्या चॅनेलवर नसतो, पोलिसांचा मध्य प्रदेशाच्या चॅनेलवर नसतो. सीमेवरच्या ठाण्यांत शेजारच्या यंत्रणेचा एकेक संच ठेवणे, किंवा एक सामाईक चॅनेल मंजूर करून घेणे, ही दोन्ही कामे परस्परांच्या परवानगीची आहेत, पैशांची नाहीत. आंतरराज्य सीमा बैठकीत हार-तुरे आणि फोटो होतात; संच आणि चॅनेल यांचा ठराव झाला का, ते विचारावे.

या सगळ्यावर देखरेख करण्याचा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत सप्टेंबर १९८८ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्याने हवाई आणि सागरी मार्गाने येणाऱ्या मालाचा शोध व टेहळणीचे काम संरक्षण खात्याकडे सोपवले, आणि वेगवेगळ्या खात्यांची दळणवळण यंत्रणा एकत्र जोडण्याचे कामही. रडार, विमाने, जहाजे यांवर प्रचंड खर्च झाला. त्यांच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९३ मध्ये अहवाल दिला तो असा, की लष्करी टेहळणीवरच्या या मोठ्या खर्चाचे फळ दिसत नाही. पाहणारा एक, पकडणारा दुसरा अशी विभागणी तिथे होती, आणि केलेल्या टेहळणीतून नेमके साधले किती, हे मोजायची पद्धतच कच्ची होती. आपल्याकडे विमाने नाहीत, पण कॅमेरा एका खात्याचा, नाका दुसऱ्याचा, ही रचना तीच आहे.

मग समितीने नेमके काय मागावे? पहिले म्हणजे दर महिन्याला प्रत्येक सीमेवरील ठाण्यासाठी एक अघोषित चाचणी. खोट्या गाडीचा संदेश सोडायचा, संदेशात ‘चाचणी’ हा शब्द सांकेतिक रूपात, आणि चार वेळा टिपायच्या: खबर नियंत्रण कक्षात आली, तिथून निघाली, नाक्यावर पोचली, नाक्याने बॅरिकेड ओढले. महिन्यात एक चाचणी तरी रात्री दोन ते पाच या वेळेत, आणि पावसाळ्यातल्या चाचण्या टाळायच्या नाहीत. दुसरे, आधीच्या महिन्यातले कोणतेही १० खरे संदेश लॉगबुकातून उचलून त्यांच्या वेळा स्टेशन डायरीशी आणि पंचनाम्याशी ताडून पाहायच्या. हे काम त्याच शाखेच्या माणसाने करू नये. अपर पोलीस अधीक्षक आणि निवासी उपजिल्हाधिकारी यांनी मिळून करावे. तिसरे, यंत्रांच्या तक्त्यात ‘एकूण’ आणि ‘चालू’ हे दोन रकाने पुरेसे नाहीत, महिन्याच्या ७२० तासांपैकी प्रत्यक्ष किती तास चालले ते हवे, आणि बंद असण्याचे कारण: बॅटरी, केबल, वीज, सिम, चोरी, कंत्राटदार. चौथे, गुन्ह्यांच्या आकड्यांत सेवनाचे, कलम २७ चे गुन्हे आणि वाहतूक-विक्रीचे गुन्हे वेगळे दाखवावेत. चार पोरांना चिलमीसह पकडून वाढवलेला आकडा नाकाबंदीबद्दल काहीच सांगत नाही. टोलनाक्यांचे काय, असेही विचारावे. लळिंग आणि सोनगीरच्या टोलवर फास्टॅगची नोंद मिनिटासह असते. ती मागायला पत्र, पत्राला उत्तर, आणि उत्तराला चार दिवस अशी पद्धत असेल तर ती नोंद फक्त खटल्याच्या उपयोगाची उरते. तातडीच्या मागणीसाठी दोन्हीकडचे नेमलेले अधिकारी आणि लेखी मागणीचा ठरलेला नमुना असावा.

फोन ऐकण्याबद्दल दोन ओळी, कारण देखरेख म्हटले की तिचे दुसरे टोकही पाहावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार फोन टॅप करण्याचा आदेश राज्यात गृहसचिवांच्या पातळीवरून निघतो, तातडीत दिलेल्या आदेशाला सात कामकाजी दिवसांत मंजुरी लागते, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे आदेश तपासायचे असतात. जिल्ह्याच्या पातळीवर कुणी परस्पर लोकेशन काढून घेत असेल, तर ते कितीही चांगल्या हेतूने असले तरी नियमाबाहेरचे आहे आणि खटल्यालाही घातक आहे. कुणी, कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या गुन्ह्यात लोकेशन मागितले याचे रजिस्टर पोलीस अधीक्षकांनी दरमहा स्वतः पाहून सही करावी.

हे सारे गोपनीय म्हणून झाकायचे कारण नाही. कोणत्या टेकडीवर रिपीटर आहे, कोणत्या रात्री कुठे नाका लागणार, कोणता चॅनेल वापरतात, हे सांगू नये. पण जिल्ह्यातले रिपीटर मागच्या तिमाहीत सरासरी किती तास बंद होते, चाचणी संदेशांपैकी किती दहा मिनिटांच्या आत नाक्यावर पोचले, आणि किती पोचलेच नाहीत, हे तीन आकडे जप्त मालाच्या किमतीशेजारी छापले तर तस्करांना काहीही मदत होत नाही. नाशिक परिक्षेत्रातल्या जिल्ह्यांची या तीन आकड्यांवर तुलना होऊ लागली, तर बॅटरीची फाइल आपोआप वेगाने फिरेल. जिल्हाधिकाऱ्यांना यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवायचा आणि पहिली चाचणी पोळ्याच्या आधी, पाऊस चालू असतानाच, पळासनेर, चोरवड आणि नवापूर या तीन ठिकाणी एकाच रात्री घ्यायची, इतकेच.

आपले,
पोलीस बिनतारी व नियंत्रण कक्षाच्या सेवेतून निवृत्त झालेले काही कर्मचारी,
धुळे – जळगाव – नंदुरबार